कोण कधी गेलं : कुंभारगाव काठाच्या नोंदी, फेब्रुवारी ते एप्रिल २०२५

१२ फेब्रुवारी, बुधवार

गेल्या वर्षीची पक्षीनोंदींची वही काढून बसले आणि स्वतःवरच चिडले. पट्टकादंबांच्या (डोक्यावर काळ्या पट्ट्या असलेले हिवाळी पाहुणे हंस) ओळीत फेब्रुवारीअखेर एक आकडा आहे, त्यापुढचे सगळे रकाने कोरे. कोरे म्हणजे काय समजायचं? मी गेले आणि ते नव्हते, की मीच गेले नव्हते? मार्चमध्ये भाचीचं लग्न होतं, दोन रविवार त्यात गेले, हे मला आठवतंय. वहीला कुठे आठवतंय?

म्हणून यंदा नियम. बारा नावं आधीच लिहून ठेवायची. फेरीत दिसला तर आकडा, नाही दिसला तर शून्य, फेरीच झाली नाही तर आडवी रेघ. शून्य आणि रेघ यांची गल्लत करायची नाही. नवा पाहुणा आला की तो आपणच वर्दी देतो. चातक ओरडला की सगळ्या गावाला कळतं. जाणारा मात्र सांगून जात नाही. एखाद्या सकाळी तो दिसतो, आणि हीच शेवटची खेप होती हे पंधरा दिवसांनी समजतं. म्हणून ‘शेवटचा दिसला’ हा रकाना त्या दिवशी भरायचाच नाही. सलग तीन फेऱ्यांत शून्य आलं की मागे जाऊन भरायचा.

बारा नावं : पट्टकादंब, चक्रवाक, तलवार बदक, थापट्या (हेही बदकच), भुवई बदक, तपकिरी डोक्याचा कुरव, काळ्या डोक्याचा कुरव, गॉडविट (लांब चोचीचा, चिखलात चरणारा), पिवळा धोबी, भोरडी (गुलाबी मैना), निलकंठी, कैकर (मासे पकडणारा शिकारी पक्षी). रोहित (फ्लेमिंगो) यादीत नाही. भिगवणला येणारा प्रत्येक जण त्याच्यासाठी येतो हे खरं, पण त्याचं वेळापत्रक उलटं आहे. पाणी उतरून चिखल उघडा पडला की तो जमतो, म्हणजे बाकीच्यांची निघायची वेळ झाली की याची पंगत बसते. त्याचं वेगळं पान.

वाट : भिगवणजवळच्या कुंभारगावात, उजनी धरणाच्या काठी, होड्यांच्या धक्क्यापासून काठाकाठाने बाभळींपर्यंत, साधारण दीड किलोमीटर. तीन थांबे, प्रत्येकी पंधरा मिनिटं. बुधवार आणि रविवार, उजाडायच्या सुमारास.

१६ फेब्रुवारी, रविवार

पहिली फेरी. पाण्यावर वाफ, बोटं इतकी गारठलेली की पेन्सिल धरवेना. लेक (नववीत) सोबत. जगभरच्या चार दिवसांच्या पक्षीगणनेचा आजचा तिसरा दिवस, त्यामुळे तिच्या मोबाईलवर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपची यादी आणि माझ्याकडे वही, असा दुहेरी कारभार.

धरण गेल्या पावसाळ्यात काठोकाठ भरलं होतं, पाणी अजून बरंच वर आहे. चिखलाची पट्टी जेमतेम दहा-पंधरा पावलांची. याचा हिशेब सगळ्यांनाच द्यावा लागतो. बदकांना चालतं, शेकाट्यांच्या लांब पायांना चालतं, पण छोट्या चिखल्या पक्ष्यांना चरायला जागाच नाही. रोहित मोजून नऊ, तेही पार पलीकडच्या उथळ्यात.

पट्टकादंब ५२. चक्रवाक १८, सगळे जोडीजोडीने. थापटे शंभराच्या पुढे. दहा-दहाचे गठ्ठे करून मोजले, तीनदा मोजल्यावर तीन आकडे आले, मधला लिहिला. तलवार बदकं ३०. भुवई बदक ६. कुरव दोन्ही मिळून दीडशेच्या आसपास, पण वेगळे करून मोजायला जमले नाहीत. लेकीचं म्हणणं, थंडीत दोघांचंही डोकं पांढरंच असतं, कानाशी एक काळपट ठिपका, मग वेगळे करायचे कसे? उडू दे, म्हटलं. पंखाचं टोक काळं आणि त्यात पांढरे आरसे दिसले तर तपकिरी डोक्याचा. उगाच गंमत म्हणून तिला हेही सांगितलं की उन्हाळ्यात काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकंही तपकिरीच होतं, फक्त जास्त गडद. नावं ठेवणाऱ्याचा तिला राग आला.

निलकंठी १, उसाच्या फडालगतच्या चारीत. भोरड्या दोन थव्यांत, मोजण्याच्या पलीकडे.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. होडीवर गर्दी, काठावर ढोल. फेरी केली, आकडे जवळपास तेच. कैकर १, हातभर चिलापी मासा घेऊन बाभळीवर. धक्क्यावरचे मासेमार तात्या म्हणाले, “त्याला जाळ्याचा खर्च न्हाय.”

२३ फेब्रुवारी, रविवार

वारा. पाणी हिंदकळत होतं, दुर्बीण स्थिर राहीना. आकडे लिहिले आहेत, पण त्यांच्यापुढे ‘वारा’ असं लिहून ठेवलंय. पिवळे धोबी ४.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. पहाटे सव्वासहाला धक्क्यावर. थंडी आहे, पण तिच्यातला जोर गेलाय. कानटोपी काढून खिशात ठेवली.

पट्टकादंब ३७. आज त्यांचं वागणं वेगळं वाटलं. एरवी उजाडल्यावर काठाला येऊन माना पाठीत खुपसून झोपायचे. आज उभे होते, माना वर, मधूनच पाच-सात जण उठायचे, पाण्यावरून एक चक्कर मारून परत उतरायचे. जायच्या आधी पक्ष्यांत अशी अस्वस्थता येते, अंगावर चरबी चढते, आणि हे सगळं दिवसाच्या वाढत्या लांबीवर चालतं, हे वाचून माहीत होतं. बघताना मात्र एस.टी. स्टँडवरच्या माणसांसारखेच वाटले. यांना जायचंय तिबेटच्या पठारावरच्या, लडाख-मंगोलियातल्या तळ्यांवर. मंगोलियात गळ्यात पट्टी घातलेले पट्टकादंब आपल्याकडे दिसलेले आहेत, आणि हिमालय ओलांडताना त्यांनी सात हजार मीटरच्या वर उड्डाण केल्याची यंत्राने घेतलेली नोंद आहे. आमच्याकडे येऊन मात्र गव्हाचे कोंब खातात आणि शिव्याही खातात.

एका कुरवाच्या डोक्यावर शाई सांडल्यासारखे ठिपके. म्हणजे सुरुवात झाली.

२ मार्च, रविवार

पट्टकादंब ०.

पहिलं शून्य. पेन्सिल दाबून लिहिलं गेलं. चक्रवाक ११. थापटे भरपूर. निलकंठी ०, पण त्याचं कारण डोळ्यासमोर होतं : चारीलगतचा फड तुटलाय. काल-परवाच. कोयते चालले, पाचट पेटलं, आता तिथे काळी जमीन आणि वर बगळे. म्हणजे हे शून्य ‘गेला’चं नाही, ‘घर गेलं’चं आहे. दोन प्रकारची शून्यं एकाच खुणेने लिहायची का? तूर्त शून्याभोवती गोल केला. वही गुंतागुंतीची होत चाललीय हे मान्य आहे.

४ मार्च, मंगळवार, संध्याकाळ

ही ठरलेली फेरी नाही. माझा एक जुना विद्यार्थी डिकसळकडे शेती करतो. शाळा सुटताना त्याचा फोन : “बाई, तुमचे राजहंस आमच्या गव्हात आहेत. येऊन घेऊन जा.”

गाडी काढून गेले. जुन्या ब्रिटिशकालीन पुलाच्या अलीकडे, उशिरा पेरलेला गहू अजून थोडा हिरवा, त्यात १९ पट्टकादंब. डोक्यावरच्या दोन काळ्या पट्ट्या मावळतीच्या उजेडात साध्या डोळ्यांनी दिसत होत्या. विद्यार्थ्याचे वडील बांधावर डबा वाजवायच्या तयारीत. मी मोजेपर्यंत थांबले, ही त्यांची मेहरबानी. मग वाजवलाच.

तेव्हा रविवारचं शून्य खरं होतं, पण ते माझ्या दीड किलोमीटरपुरतं. वहीत वरच्या कोपऱ्यात लिहिलं : शून्य म्हणजे ‘इथे नाही’. ‘गेला’ हा त्यातून काढलेला अंदाज.

५ मार्च, बुधवार

— (आडवी रेघ). मार्चपासून सकाळची शाळा. आता बुधवार विसरायचा. आठवड्याला एकच फेरी, म्हणजे कुठलीही तारीख आठवडाभर मागेपुढे.

९ मार्च, रविवार

पट्टकादंब ०. डिकसळलाही जाऊन आले, ०.

तात्यांना विचारलं. ते रात्री जाळी टाकायला असतात. म्हणाले, “त्ये गेलं की बाई. शुक्रवारी रातच्याला. अर्धा चांद हुता. आं-आं करत डोक्यावरनं गेलं, लई वर.”

“तुम्ही पाहिलेत?”

“आईकलं. आवाज वळखतो की मी. बारकं हुतो तवापास्नं आईकतोय.”

आता हे कुठे लिहायचं? तात्यांचा कान माझ्या दुर्बिणीपेक्षा भरवशाचा आहे, यात मला शंका नाही. शुक्रवार म्हणजे ७ तारीख, अष्टमीच्या आसपासचा चंद्र, तेही जुळतं. पण रात्रीचा आवाज आमच्याच थव्याचा, की आणखी दक्षिणेकडून निघालेल्या दुसऱ्या कुठल्या? शेवटी नवा रकाना आखला : ‘ऐकीव’. त्यात ७ मार्च, तात्या. दिसल्याच्या रकान्यात ४ मार्चच राहील.

तुटलेल्या फडाच्या कडेला ऊसतोड्यांच्या कोपी होत्या, त्याही नाहीत. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला. त्या कधी हलल्या हेही मला सांगता येत नाही. गेल्या रविवारी होत्या की नव्हत्या, आठवत नाही, मोजल्या नव्हत्या. चुलींच्या राखेत पिवळे धोबी ११.

१६ मार्च, रविवार

आजची नोंद लांबणार आहे.

परवा धुळवड झाली, लेकीच्या कानामागे अजून गुलाबी. पावणेसहाला निघालो. स्वेटर घेतला नाही, आणि धक्क्यावर पोचल्यावर पाच मिनिटं पस्तावले, मग विसरले. वाफ नाही, दव नाही, पाणी तेलासारखं निश्चल. गेल्या पंधरवड्यात पाणी हाताने ओढल्यासारखं मागे गेलंय. चिखलाची पट्टी आता चांगली रुंद, त्यावर वाळल्याच्या भेगा पडायला लागल्यात, आणि तिचा एक वास असतो, शेवाळ, मासा आणि ऊन यांचा मिळून, तो यंदा आज पहिल्यांदा आला. माझ्या लेखी उन्हाळा या वासाने लागतो. पंचांगातला वसंत अजून चौदा दिवस लांब आहे.

पहिला आवाज टिटवीचा, तो तर बारमाही. दुसरा कोकिळाचा, गावाकडच्या चिंचेतून, खालून वर चढत जाणारा आणि मध्येच तुटलेला. गेल्या फेरीला नव्हता. लेकीने वेळ लिहिली, ६ वाजून १२ मिनिटं. तिसरा आवाज मला कळलाच नाही. चारीच्या वरच्या अंगाला, न तुटलेल्या उसाच्या कडेला, कोणीतरी स्वतःशीच पुटपुटत होतं. दुर्बीण लावून उभे राहिलो. दोन मिनिटांनी निलकंठी उघड्यावर आला. नर, गळ्याचा निळा रंग आता भरलेला, मध्ये विटकरी ठिपका. थंडीभर हा पक्षी फक्त ‘चक’ म्हणतो. आज गात होता. गात होता म्हणणं जास्त होईल, गळा साफ करत होता. खरं गाणं तो उत्तरेत, घरी जाऊन म्हणणार. गोल केलेलं शून्य खोडायचं नाही असं ठरलं, पण त्याच्यापुढे आज १ लिहिताना बरं वाटलं.

दुसऱ्या थांब्यावर उजाडलं. कुरव पाण्याच्या कडेला ओळीने बसलेले. लेकीने आज त्यांचा वेगळाच हिशेब केला. किती आहेत हे मोजण्याऐवजी चाळीस कुरव निवडून डोकी मोजली : पूर्ण गडद १७, अर्धवट १४, पांढरी ९. पांढरी बहुतेक गेल्या वर्षीची पिल्लं असणार. महिन्याभरापूर्वी सगळी डोकी सारखी होती, आज शाळेच्या स्नेहसंमेलनात निम्म्या मुलांना मेकअप झालेला आणि निम्मी रांगेत उभी, तसं दिसत होतं. ही कल्पना तिची, मी असं केलं नसतं. ‘किती आहेत’ यापेक्षा ‘किती तयार आहेत’ हे मोजणं जास्त उपयोगी आहे. पुढच्या वर्षी सगळ्यांसाठी असा रकाना करता येईल का, बघायचं.

गॉडविटही तसेच. एरवी मातकट, चिखलातून वेगळे काढणं कठीण. आज ६२ पैकी दहा-बारांच्या माना-छाती विटकरी. पिवळे धोबी तर मोजता मोजता हसू यावं इतके : ७४. थंडीत चार-पाच, आणि आता निघायच्या तोंडावर दक्षिणेकडून आलेले सगळे आमच्या काठावर उतरलेत. लिंबाच्या सालीसारखे पिवळेधमक, म्हशींच्या पायांत. जाणाऱ्यांची नोंद करताना ही पंचाईत होते : जायच्या आधी आकडा उतरत नाही, काहींचा चढतो. आमचे कोण, वाटसरू कोण, कळायला मार्ग नाही. भुवई बदकांचंही तेच. फेब्रुवारीत सहा, आज ४५. थापटे मात्र उतरले, २८ वर. तलवार बदकं ०. चक्रवाक ४.

तिसऱ्या थांब्याच्या आधी तात्यांनी हाक मारून थांबवलं. “खाली बघा, बाई.” दोन पावलांवर टिटवीची चार अंडी, चिखलाच्या खपल्यांत, खड्ड्याला खड्डा म्हणावं इतकीही खोली नाही. टोकं आत, जाड बाजू बाहेर. टिटवीण डोक्यावर घिरट्या घालून कानठळ्या बसवत होती आणि मी मात्र वर कैकर शोधत होते. पाय पडला असता. काठीला फडकं बांधून खूण करावी असं मनात आलं, तात्या नको म्हणाले. खूण बघून पोरं येतात, पोरांच्या मागे कुत्री. वाट चार हात वरून वळवली. टिटवीने अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, असं म्हणतात. ही तर पाण्याच्या कडेलाच होती. तात्यांना विचारलं, तर म्हणाले, “तिला पाऊस कळतो, धरणाचं पाणी कधी सोडत्यात ते कसं कळंल?”

साडेआठला बाभळींमागच्या पळसावर भोरड्या. पळस पूर्ण फुललाय, आणि भोरड्यांना इकडे काही जण पळसमैना म्हणतात ते उगाच नाही. गुलाबी अंग, काळं डोकं, चोचीभोवती पराग, आणि नुसता कलकलाट. ज्वारी होती तोवर शेतकऱ्याच्या गोफणीचे धनी. आता ज्वारी गेली, फुलांवर आले. एप्रिलमध्ये निघून मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात नाकतोड्यांवर पिल्लं वाढवतील. मोजल्या नाहीत. उभ्याने चहा घेतला आणि नुसत्या बघितल्या.

नऊ वाजता ऊन पाठीला लागायला लागलं. परतताना दोघींचेही कान तापलेले.

२३ मार्च, रविवार

फेरी झटपट उरकली. पट्टकादंब तिसरं शून्य (९, १६, २३). रकाना भरला : ४ मार्च, ऐकीव ७ मार्च. चक्रवाक ०, तलवार बदकं ०, निलकंठी ०, थापटे ९.

उरलेली सकाळ भादलवाडीच्या तलावावर. पाण्यातल्या बाभळींवर चित्रबलाकांच्या वसाहतीत काड्यांची देवघेव जोरात. आमच्या काठावरून मासे पकडून जाणारे हेच. निघून जाणाऱ्यांचा हिशेब ठेवून ठेवून माझी नजर एकसुरी झाली होती. इथे कोणी कुठे जायच्या घाईत नव्हतं. एका घरट्यात नर काडी आणून द्यायचा, मादी ती घेऊन दुसरीकडे खोचायची, तो परत तीच काढून तिसरीकडे. लेक म्हणाली, “आपल्याकडे सोफा हलवतात तसं.”

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. गुढी उभारायच्या आत परत यायचं होतं, म्हणून अंधारात निघाले. साडेसहाच्या आत सूर्य वर.

थापटे ०. भुवई बदक ३१. गॉडविट २०, बहुतेक सगळे विटकरी. कुरव ५६, पांढऱ्या डोक्याचे जास्त, म्हणजे गडद डोक्याचे आधी निघालेत. कैकर ०. पिवळे धोबी ४०.

रोहित १४०. चिखल उघडा पडला आणि पंगत बसली. चोच उलटी करून, पाण्यातलं शेवाळ आणि किडेमाकोडे गाळत, एका लयीत पुढे सरकणारी गुलाबी रांग बघून मीही बारा नावं विसरले होते थोडा वेळ. मग सुट्टीची एक होडी आली. होडीतल्या कोणाला ते उडताना हवे होते. नावाड्याने एकदा नको म्हटलं, मग नेली थेट रांगेत. उडाले. फोटो झाले असतील. तात्यांनी तोंडातली तंबाखू थुंकली, बोलले काही नाहीत. त्यांनाही त्याच होड्यांवर चार पैसे मिळतात.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. चक्रवाक, तलवार बदकं आणि निलकंठी, तिघांचीही तीन शून्यं पुरी (तलवार बदकांची गेल्याच रविवारी). तलवार बदकांचा रकाना भरला : ९ मार्च. चक्रवाक आणि निलकंठी दोघांचाही १६ मार्च.

१६ मार्चचं पान परत वाचलं. चक्रवाकांबद्दल फक्त ‘४’ एवढंच आहे. धोब्यांच्या नादात मी त्यांच्याकडे नीट बघितलंही नव्हतं. कोण जाणे, उभे होते की पोहत होते.

भुवई बदक १२. भोरड्या एकच थवा, उंचावरून, न थांबता.

१३ एप्रिल, रविवार

सहाला उकाडा. पाणी आणखी मागे, टिटवीची अंडी होती ती जागा आता काठापासून चांगली लांब. अंडी नाहीत, कवचंही नाहीत. लांबवर एक टिटवी लंगडल्याचं सोंग करून आम्हाला भुलवत होती, म्हणजे पिल्लं जवळपास दबून असावीत. शोधली नाहीत.

थापटे ०, कैकर ०, दोघांचीही तिसरी शून्यं. थापटे २३ मार्च. कैकरही २३ मार्च, त्या दिवशी घाईत ‘१’ लिहिलेला सापडला. गॉडविट ०, धोबी ३, भुवई बदक ०, भोरडी ०. यांचे रकाने पुढच्या महिन्यात.

कुरव : १. तपकिरी डोक्याचा, डोकं पूर्ण गडद, अगदी तयार. धक्क्याजवळच्या खडकावर होता. दुर्बिणीतून बघितलं तर डावा पंख खाली लोंबतो आहे आणि त्याला नायलॉनच्या जाळ्याचा धागा. तात्या होडी हळूहळू जवळ घेऊन गेले. दोनदा वाटलं हाताला लागेल, दोनदा तो पाण्यात उतरून पोहत पुढे गेला. पोहतो छान. मासे साफ करतात तिथलं वेचून खातो, असं तात्यांच्या घरच्यांनी सांगितलं. आठ दिवसांपासून आहे म्हणे.

“ह्याचं नाव आता खोडू नका,” तात्या म्हणाले. “ह्यो हितंच ऱ्हातोय.”

संध्याकाळी जाळी टाकून बघू म्हणालेत. ‘शेवटचा दिसला’चा रकाना कोरा ठेवलाय. पुढची फेरी २० तारखेला.